पार्ट बसला, पण तो या जीपचा नव्हता: युद्धकाळातल्या जीपचे मूळ पार्ट कसे ओळखायचे

खानदेशात जुनी मिलिटरी जीप बहुधा तीन ठिकाणी सापडते: जिनिंगच्या आवारात, केळीच्या मळ्यातल्या शेडखाली, नाहीतर वाड्यामागे गोठ्याला लागून. मालक सांगतो, "लिलावातली आहे, आजोबांनी घेतलेली." बऱ्याचदा ते खरंच असतं. पण इतक्या वर्षांत त्या जीपवर जेवढे हात फिरले, तेवढ्यांनी आपापल्या सोयीचा पार्ट चढवलेला असतो. आता नातू हौसेने गाडी काढतो, कुठून तरी "ओरिजनल" पार्ट मागवतो, गावातला मिस्त्री बसवतो आणि दोन महिन्यांत गाडी टोचन लावून माझ्या दारात येते.

दोष जवळजवळ दर वेळी एकच निघतो. पार्ट बसलेला असतो, पण तो त्या गाडीचा नसतो. आमच्याकडचं ठरलेलं वाक्य आहे, "बठना ना भाऊ, मंग बराबरच शे," म्हणजे बसला ना, मग बरोबरच आहे. जीपच्या बाबतीत हे वाक्य फार महागात पडतं, कारण विलीस या मूळ जीप कंपनीच्या घराण्यातले पार्ट एकमेकांच्या जागी सहज बसतात. बसणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.

इथे मी मुख्यतः १९४१ ते १९४५ मधल्या जीपबद्दल लिहितोय. ती दोन कंपन्यांनी बनवली, विलीसने एमबी या नावाने आणि फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने. युद्धानंतरच्या सीजे, म्हणजे नागरी वापराच्या, जीप आणि आपल्याकडे महिंद्राने बनवलेल्या सीजे-३बी यांचे पार्ट तिच्यात मिसळतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

आधी लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तरी नवा पार्ट मागवू नका, आधी खालच्या तपासण्या करा.

- बॉनेट बंद होत नाही, किंवा आधीच्या कोणीतरी ते कापून वर उचललेलं आहे.
- सेल्फ एकतर फार जड फिरतो, नाहीतर धाडकन दात मारतो आणि नुसता घरघरतो.
- टू व्हीलमध्ये गाडी ठीक, पण फोर व्हील टाकून डांबरावर आलं की गाडी आखडते आणि लिव्हर परत निघत नाही.
- डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड पुन्हा पुन्हा तुटतात.
- इंजिन उतरवून बांधल्यावर ऑइल पंप पूर्ण आत बसत नाही, किंवा बसवल्यावर ऑइल प्रेशर येत नाही.
- नवा बोल्ट दोन आटे जातो आणि अडतो.
- विकणारा म्हणतो फोर्डची, कागद म्हणतात विलीसची, गाडी तिसरंच काही सांगते.

पहिली तपासणी: कागद आणि चासी नंबर (खर्च शून्य)

आरसी बुक काढा आणि त्यातला चासी नंबर प्रत्यक्ष लोखंडावर शोधा. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर, वरच्या अंगाला, इंजिन माउंटच्या आसपास ठोकलेला असतो आणि आधी जीपीडब्ल्यू ही अक्षरं असतात. विलीसचा नंबर पट्टीवर ठोकलेला नसतो. डाव्या चासी पट्टीच्या आतल्या बाजूला, बंपरच्या लगेच मागे, एक छोटी पत्र्याची प्लेट रिव्हेटने मारलेली असते, तिच्यावर तो असतो. ती प्लेट गळून पडलेली असेल तर रिव्हेटची भोकं तरी दिसतात. त्या भोकांवरूनही चासी कोणाची ते ठरतं.

नंबर शोधताना घाई करू नका. मी घासलेटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा त्या जागी अर्धा तास ठेवून देतो. मग पितळी ब्रश, पोलादी नाही. चिखल, ग्रीस, त्याखाली हिरवा रंग, त्याखाली काळपट पडलेला मूळचा मळकट हिरवा रंग, असे थर एकेक सुटत जातात. लोखंड दिसलं की त्यावर आडवा खडू फिरवून वरून बोटाने पुसून घ्या. आकडे पांढरे होऊन वर येतात. मागच्या उन्हाळ्यात एका जीपवर असाच खडू फिरवला, तर मालकाने जिला तीस वर्षं विलीस म्हटलं तिच्या पट्टीवर "जी" आणि "पी" उमटले. त्याने विलीसचे म्हणून आणून ठेवलेले निम्मे पार्ट तिथेच बाजूला गेले.

ही तपासणी पहिली का? कारण पुढचा प्रत्येक पार्ट चासीला विचारून घ्यायचा आहे. बॉडी बदलते, इंजिन बदलतं, चासी सहसा टिकते.

इंजिनचा नंबर उजव्या बाजूला, ब्लॉकच्या पुढच्या वरच्या भागात, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट उंचवट्यावर असतो. फोर्डने कारखान्यातून गाडी काढताना चासी आणि इंजिनला एकच नंबर दिला होता. विलीसचे हे दोन नंबर मुळातच वेगळे असत. म्हणून विलीसमध्ये नंबर जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. फोर्डमध्ये जुळले नाहीत तर इंजिन बदललंय एवढंच समजा. युद्धात आणि नंतरही लष्करी वर्कशॉपमध्ये फोर्डच्या चासीवर विलीसचं इंजिन सर्रास चढवलं जायचं. अशी अदलाबदल मी स्वतः काढून टाकत नाही. ती त्या गाडीच्या नोकरीचा भाग आहे.

इथे एक थांबायची जागा आहे. नंबर पुसट आहे, अर्धा खाल्लेला आहे, किंवा कागदाशी जुळत नाही, तर त्याला हात लावू नका. घासणं, पुन्हा ठोकणं, दुसरी प्लेट लावणं, काहीच नाही. थेट आरटीओकडे जा. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. मूळ चासी आणि बॉडी तिथे कामाला येतात. खोडलेला नंबर असेल तर सगळंच अडतं.

दुसरी: नुसत्या डोळ्यांनी (दहा मिनिटं)

गाडीसमोर उकिडवे बसा आणि रेडिएटरच्या खालून आत पाहा. चासीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा पुढचा आडवा मेंबर गोल पाइपचा असेल तर चासी विलीसची. उलट्या पन्हाळीसारखा, पत्रा वाकवून केलेला असेल तर फोर्डची. माझ्या अनुभवात यापेक्षा भरवशाची खूण दुसरी नाही, कारण हा मेंबर बदलायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

मग जाळी मोजा. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी, युद्धानंतरच्या सीजेला सात. विलीसच्या सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार गाड्यांना पत्र्याची जाळी नव्हती, लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. अशी जाळी दिसली तर आधी फोटो काढा, मगच हात लावा. युद्धकाळातले हेडलाइट लहान, जाळीच्या मागे आत बसवलेले आणि बिजागरीवर उलटे फिरणारे असतात, म्हणजे रात्री इंजिनवर उजेड पाडता येतो. सीजेचे मोठे आणि बाहेर आलेले. मागे उघडणारं फळकं असेल तर बॉडी सीजेची. युद्धकाळातल्या जीपचं मागचं अंग बंद असतं.

बॉनेट कापलेलं किंवा उचललेलं असेल तर आत बहुतेक सीजे-३बीचं इंजिन सापडेल. मूळ इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असतात, म्हणून ते बुटकं आहे. १३४ घन इंच, म्हणजे जवळजवळ २२०० सीसी, ६० हॉर्सपॉवर. सीजे-३बीच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला, इंजिन उंच झालं, आणि म्हणूनच त्या गाडीचं बॉनेट उंच आलं. खालचा ब्लॉक सारखा दिसतो, त्यामुळे "विलीसचंच आहे" म्हणून ते विकलं जातं. चांगलं इंजिन आहे, पण या बॉनेटखाली त्याची जागा नाही.

बॉडीवरून फोर्ड की विलीस ठरवायला जाऊ नका. १९४४ च्या सुरुवातीपासून दोन्ही गाड्यांना एकसारखी बॉडी आली. त्याच्याही बऱ्याच आधीच्या, साधारण १९४२ पर्यंतच्या गाड्यांवर मागे डाव्या बाजूला पत्र्यातच कंपनीचं नाव उठवलेलं असे. नंतर सरकारने ते बंद करायला लावलं.

तिसरी: फोर्डचा "एफ"

फोर्डने आपल्या पार्टवर इंग्रजी एफ ठोकला. कंसांवर, बिजागऱ्यांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही. बोल्टचं डोकं घासलेटने पुसा आणि टॉर्च तिरपी धरा. समोरून धरलेल्या उजेडात तो दिसत नाही.

आता फसवणुकीबद्दल. नवीन बनवलेल्या पार्टवरही आज एफ ठोकलेला मिळतो. तो विकत घेण्यात चूक नाही, फक्त "जुना" म्हणून जास्त पैसे देऊ नका. जुन्या ठोकणीच्या कडा ऐंशी वर्षांत झिजून गोल झालेल्या असतात, आणि अक्षराच्या खाचेच्या तळाशीही रंगाचे जुने थर अडकलेले असतात. नव्यात खाच धारदार आणि तळ चकचकीत, नाहीतर एकाच काळ्या रंगाने भरलेला. ॲसिडने मुद्दाम गंजवलेला पार्ट सगळीकडे सारखा गंजतो. खरा जुना पार्ट जिथे वॉशर बसत होता तिथे स्वच्छ आणि बाकी गंजलेला असतो. मी वॉशरखालची ती गोल खूण बघितल्याशिवाय जुन्याचे पैसे मोजत नाही.

विलीसच्या गाडीत दोन-चार एफचे बोल्ट निघाले तर ती फोर्ड होत नाही. वर्कशॉपमध्ये जो बोल्ट हाताला लागेल तो लावला जाई.

चौथी: आटे

या जीपचे सगळे आटे इंचाचे आहेत आणि आपल्या बाजारात मिळतात ते बहुतेक मिलिमीटरचे. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिमी. आठ मिमीचा बोल्ट तिथे एक-दोन आटे जातो, मग अडतो, मग मिस्त्री पान्याला पाइप लावतो आणि ब्लॉकमधला आटा कायमचा जातो. म्हणून बोल्ट फक्त हाताने, पान्याशिवाय, निदान पाच-सहा आटे गेला पाहिजे. आटे मोजायची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, ती आधी घ्या.

डाव्या चाकांच्या स्टडची गोष्ट वेगळी. युद्धकाळातल्या जीपला डाव्या बाजूला उलटे आटे आहेत, म्हणजे नट घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पंक्चरवाला गन लावून नेहमीच्या दिशेने सोडायला जातो, प्रत्यक्षात तो कसत असतो, आणि स्टड तुटतो. मग कोणीतरी तिथे सुलट्या आट्याचा स्टड ठोकतो, आणि एकाच चाकावर दोन्ही जातीचे नट येतात. स्टडच्या टोकावर "एल" आहे का बघा. डाव्या बाजूचे पाचही एकाच जातीचे करून घ्या आणि मडगार्डच्या आत रंगाने बाण काढून ठेवा.

पाचवी: वीज

मूळ जीप ६ व्होल्टची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या कधीतरी १२ वर नेलेल्या आहेत, आणि हे काम अर्धवट झालेलं असतं. ६ व्होल्टचा सेल्फ १२ च्या बॅटरीवर जोरात उसळतो आणि फ्लायव्हीलचे दात खातो. उलट, गाडी ६ वरच ठेवली आणि १२ च्या बारीक केबल लावल्या तर सेल्फ जड फिरतो, कारण तेवढंच काम करायला निम्म्या व्होल्टेजवर दुप्पट करंट लागतो. आमच्याकडे मे महिन्यात इंजिन तापून आखडलं की हे जास्तच जाणवतं, आणि लोक चांगला सेल्फ "गेला" म्हणून बदलतात. आधी जाड केबल लावून बघा. अर्थिंगची जागा घासून लखलखीत करा. माझ्याकडे आलेल्या जड सेल्फच्या तक्रारी बहुतेक इथेच संपल्या.

सेल्फ बदलायचाच असेल तर फ्लायव्हीलचे दात मोजा. युद्धकाळातल्या फ्लायव्हीलला ९७ दात असतात. नंतरच्या गाड्यांची रिंग जास्त आणि बारीक दातांची, त्यात १२४ आणि १२९ दातांच्या सापडतात. एकाचा सेल्फ दुसऱ्याला लावला की आवाजावरूनच कळतं, पण तोवर दात गेलेले असतात. सेल्फच्या भोकातून खडूने एका दातावर खूण करून, इंजिन हँडलने फिरवत मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे.

कार्बोरेटर कार्टरचा, डब्ल्यूओ, ५३९एस. अंगावरची छोटी पितळी पट्टी शाबूत असेल तर नंबर तिथेच मिळतो. सोलेक्स लावलेला असला तरी गाडी चालते. रोज चालवायची असेल तर मी तो काढायचा आग्रह धरत नाही.

सहावी: मागचा आणि पुढचा हाउसिंग

इथे मी स्वतः चुकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. सुरुवातीच्या वर्षांत एका एमबीचा मागचा हाउसिंग (दोन चाकांमधला एक्सलचा सांगाडा) वाकलेला होता. भंगारात सीजेचा अख्खा हाउसिंग मिळाला. बसला. तापीच्या पात्रात रेतीत फोर व्हील टाकून चालवली, मस्त चालली. मालक खूश, मी खूश. परत येताना त्याने फोर व्हील काढलंच नाही आणि डांबरावर आला. दोन किलोमीटरमध्ये गाडी आखडली, लिव्हर दोन्ही हातांनी निघेना, आणि ट्रान्सफरमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर बॉक्स) जळक्या तेलाचा वास यायला लागला.

कारण असं की एमबीच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे हाउसिंगमधल्या गिअरजोडीचा, रेशो ४.८८ आहे, म्हणजे ३९ दाताला ८. सीजेचा ५.३८, म्हणजे ४३ ला ८. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला मागतात. रेतीत चाक घसरून ते भांडण मिटवतं. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण ट्रान्सफरमध्ये जातो.

तपासायला पार्ट खोलावा लागत नाही. चाकाच्या मध्यभागी बघा. एमबीच्या मागच्या हबवर सहा बोल्टची सपाट टोपी असते, कारण एक्सल पूर्ण तरंगता आहे. सीजेच्या मागच्या हबमध्ये मधोमध एक मोठा, खाचांचा, पिन घातलेला नट असतो. नट दिसला की हाउसिंग सीजेचा.

पुढच्याची खात्री मोजून करा. सपाट जागा, बाकी चाकांना ठोकळे, गिअर आणि ट्रान्सफर न्यूट्रल. एक चाक जमिनीवर ठेवा, त्याच हाउसिंगचं दुसरं चाक जॅकने उचला आणि खाली घोडी (लोखंडी टेकू) लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाचला थोडे कमी भरले तर ४.८८. पाच पूर्ण होऊन वर तिसरा हिस्सा गेला तर ५.३८. पुढे-मागे सारखे आले तरच फोर व्हीलला हात लावा.

सातवी: टायमिंग कव्हर उघडणं

इथून पुढचं काम हात बसलेल्या माणसाचं. युद्धकाळातल्या इंजिनात कॅमशाफ्ट चेनवर फिरतो. युद्धानंतर, सीजे-२एच्या काळात, चेन जाऊन गिअर आले. चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलट्या. त्यामुळे ऑइल पंप चालवणाऱ्या तिरप्या दातांचा कलही उलटा झाला. बाहेरून दोन्ही पंप जुळे भाऊ वाटतात. एकाच्या जागी दुसरा आत उतरत नाही, आणि बोल्ट कसून उतरवला तर दात चावले जातात. मग प्रेशर नाही, आणि बेअरिंग जातं.

म्हणून पंप घेताना जुना पंप बरोबर न्या, दोन्ही शेजारी उभे धरा आणि दातांचा कल कुठल्या बाजूला पडतो ते बघा. डावीकडे आणि उजवीकडे एवढाच फरक आहे, पण उघड्या डोळ्यांना दिसतो. टायमिंग सेट अर्धा या इंजिनचा, अर्धा त्या इंजिनचा असा कधीच घेऊ नका.

गिअर बॉक्ससाठी कास्टिंगवरचा नंबर पुरे. युद्धकाळातला टी-८४, पुढचा टी-९०. टी-९० जास्त दणकट आहे, आणि शेतात ओझं ओढायचं असेल तर तो मलाही आवडतो. पण मूळ स्वरूपाचा आग्रह असेल तर टी-८४ च शोधा. पार्टचे नंबर पडताळायला अमेरिकी लष्कराची जी-५०३ ही पार्ट यादी आणि टीएम ९-८०३ हे मॅन्युअल हाताशी ठेवा.

जोंगा असेल तर यातलं काहीच लागू करू नका. ती निसानच्या आराखड्यावर जबलपूरला बनलेली, सहा सिलिंडरची, मिलिमीटरच्या आट्यांची वेगळी गाडी आहे. तिला इंचाचे बोल्ट लावलेले मी पाहिलेत, आणि ते काढताना घाम फुटतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दोन तुकड्यांची, आठ नटांनी जोडलेली चाकाची लढाऊ डिस्क दिसली तर हवा असताना तिच्या जोडाचे नट कधीही सोडू नका. व्हॉल्व्हचा पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, आणि तरीही हे काम ज्याने पूर्वी केलंय त्यालाच द्या. ती डिस्क उडाली तर माणूस जागेवर जातो.

चासीला तडा असेल, पुढच्या चाकांच्या नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या सांध्यात) खेळ असेल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळत असेल, तर मूळ पार्टचा हट्ट बाजूला ठेवा. ब्रेकला नवा, चांगला पार्ट घाला. जुने लायनर हवेने फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, ती उतरवल्याशिवाय जवळपास वेल्डिंग नको. त्या काळातल्या काही लष्करी डायलवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे, म्हणून मीटरची काच उघडून काटे खरवडू नका. क्रँक घासणं आणि बोअर करणं लेथवाल्याचं काम आहे, पण माप लिहून घेतल्याशिवाय ब्लॉक त्याच्याकडे सोडू नका.

आणि कोणी "जुना द्या, नवा घ्या" म्हणाला तर जुना देऊ नका. तुमच्या गाडीतून निघालेला मोडका पंप, झिजलेला हब, वाकलेला कंस, हेच तुमच्याकडचे मूळ नमुने आहेत. त्यावर चुन्याने तारीख लिहा, ग्रीस चोपडून पोत्यात बांधा आणि नवा पार्ट निदान एक उन्हाळा नीट चालेपर्यंत माळ्यावर ठेवा.